हृदयविकार टाळण्यासाठी घरात काय बदलायचं, कुठून सुरू करायचं

नात्यातल्या कुणाची तरी अँजिओप्लास्टी होते, आपण भेटायला जातो आणि परत येताना ठरवतो की आता आपणही काळजी घ्यायची. मग तूप बंद, भात बंद, पहाटे फिरणं सुरू. पंधरवड्यात सगळं पुन्हा होतं तसं. आमच्याकडे दिरांना ४६व्या वर्षी स्टेंट बसला. त्यानंतर तपासण्या केल्या तेव्हा नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि माझं बीपी. सल्ले ढीगभर मिळाले. पण आधी काय करायचं, डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, किराण्याच्या यादीत काय बदलायचं, हे क्रमाने कुणी सांगितलं नाही. ते इथे सांगते. मी डॉक्टर नाही. औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांचेच. मी लिहितेय ते घरात करायच्या गोष्टींबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका माणसाचं वेगळं पथ्य टिकत नाही. त्याची भाजी वेगळी, त्याचं वरण वेगळं, असं सुरू झालं की करणारी थकते आणि खाणारा कंटाळतो. शिवाय रक्ताच्या नात्यातल्या बाकीच्यांना तोच धोका असतो. म्हणून बदल सगळ्या घराचा करा.

आणि याचा खरंच उपयोग होतो का? २००४ साली ‘इंटरहार्ट’ नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह ५२ देशांतले रुग्ण त्यात होते. पहिल्या हार्ट अटॅकच्या धोक्यातला सुमारे ९० टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडलेला आढळला: धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायामाचा अभाव आणि दारू. यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास. म्हणजे साठीनंतर बघू म्हणायला आपल्याकडे वेळ नाही. तिशीतच बघायला लागायचं.

१. आधी स्वतःचे आकडे काढा

खाण्यापिण्यात काहीही बदलण्याआधी हे करा. आकडे माहीत नसले की माणूस तूप सोडतो आणि तंबाखू चालू ठेवतो.

पहिल्या भेटीला जाताना एका फाइलमध्ये हे घाला:

- आधीचे सगळे रिपोर्ट, ईसीजी असेल तर तोही. जुना ईसीजी फार कामाचा असतो, नवीन त्याच्याशी ताडून बघता येतो.
- घरातल्या हृदयविकाराची माहिती, वयासकट. वडील किंवा भावाला ५५च्या आधी, आई किंवा बहिणीला ६५च्या आधी त्रास झाला असेल तर ते आवर्जून सांगा.
- चालू असलेली सगळी औषधं. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यासुद्धा. बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं.
- बायकांसाठी: गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली होती का, पीसीओएस (बीजांडकोशाचा, हार्मोन्सशी जोडलेला त्रास) आहे का, पाळी लवकर गेली का. या सगळ्याने पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. डॉक्टर विचारतीलच असं नाही, तुम्ही सांगा.

तपासण्या फार नाहीत: बीपी, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि किडनीसाठी क्रिएटिनीन. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आला तर तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, ६.५ किंवा वर म्हणजे मधुमेह. लिपिडमध्ये नुसतं एकूण कोलेस्टेरॉल पाहू नका, एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा पाहा. लॅबच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ रेंज सगळ्यांना एकच असते. एलडीएल किती असावं हे मात्र माणसागणिक बदलतं. धोका कमी असलेल्याला १००च्या खाली चालतं, धोका जास्त असलेल्याला ७०च्या खाली हवं आणि आधी अटॅक येऊन गेलेल्याला ५५च्या खाली. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, ‘माझं एलडीएल किती असायला हवं?’ हा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन-ए ही रक्तातल्या एका प्रकारच्या चरबीची तपासणी करून घ्या. हे आनुवंशिक असतं, खाण्यापिण्याने फारसं बदलत नाही. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकी सगळ्या गोष्टी अधिक काटेकोर सांभाळाव्या लागतात. घरात तरुण वयात झटका आला असेल तर ही तपासणी टाळू नका.

कंबर मोजा. शिंप्याची टेप चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. आपल्या लोकांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, बायकांना ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस. पँटचं माप यासाठी धरू नका. पँट पोटाखाली बांधली की माप तेच राहतं आणि पोट वाढत जातं. हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशा माणसाला ‘तू तर सडपातळ आहेस’ म्हणून सगळे निर्धास्त करतात. धोका त्याच पोटात असतो.

पैशांची अडचण असेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर मोफत तपासतात. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या फॉर्म भरून घेतात.

सावधगिरी: शंभर तपासण्यांचं स्वस्त पॅकेज घेऊ नका. त्यात नको ते चार आकडे वरखाली निघतात, आपण त्यांच्यामागे धावतो आणि बीपी तसंच राहतं.

२. बीपी घरी मोजायला शिका

दवाखान्यात काहींचं बीपी भीतीने वाढतं, काहींचं तिथे नेमकं चांगलं येतं आणि एरवी वाढलेलं असतं. म्हणून घरात यंत्र हवंच. दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसा. मांडी घालून नाही आणि पायावर पाय टाकूनही नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, टीव्ही बंद. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

सुरुवातीला सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५च्या वर असेल तर डॉक्टरांना वही दाखवा. नंतर रोज मोजायची गरज नाही. आमच्या सासूबाई दिवसातून अनेकदा मोजायच्या आणि प्रत्येक आकड्याने घाबरायच्या. घाबरलं की पुढचा आकडा आणखी वर. आता आठवड्यातले दोन दिवस ठरवलेत, त्यांचं त्यांनाच बरं वाटतं.

बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते असं समजून कुणी थांबू नका. बहुतेकांना काहीही होत नाही. मला काहीच होत नव्हतं.

३. तंबाखू: इथे कमी करणं पुरत नाही

या यादीतली एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. सिगारेट आणि बिडी तर आहेच, पण मळलेली तंबाखू, गुटखा आणि मिश्रीसुद्धा (दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड). गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मिश्रीचं जास्त वाईट वाटतं, कारण ती लावणाऱ्या बायका स्वतःला तंबाखू खाणाऱ्यांत धरतच नाहीत. डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ विचारलं की नाही म्हणतात. आईला, आजीला, कामाला येणाऱ्या मावशींना नाव घेऊन विचारा, ‘मिश्री लावता का?’

‘दिवसाला एकच ओढतो’ हे समाधान खोटं आहे. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका रोज २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरतो, विसावा हिस्सा नव्हे. उलट चांगली बातमी ही की पूर्ण सोडल्यावर वर्षभरात तो वाढीव धोका निम्म्यावर येतो.

कसं सोडायचं:

- तारीख ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगा. सण, लग्न, ऑडिट अशा दिवसांच्या तोंडावर ठरवू नका.
- आदल्या रात्री चुन्याची डबी, लायटर, पुड्या सगळं बाहेर टाका. गाडीची डिकी आणि ऑफिसचा खण विसरू नका.
- तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरतं तोंडात काहीतरी हवं: बडीशेप, लवंग, आवळ्याची फोड. सुपारी नको, ती स्वतःच घातक आहे.
- १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय टोल-फ्री नंबर आहे. निकोटिनचं च्युइंगगम किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारून घेता येतात. मदत घेतलेल्याचं सुटण्याची शक्यता जास्त असते.

पुन्हा एकदा ओढली गेली तर ‘आता गेलंच सगळं’ म्हणू नका. दुसऱ्या दिवसापासून परत सोडा. बऱ्याच जणांची काही प्रयत्नांनंतरच सुटते.

४. मीठ: पिशवीवर तारीख लिहा

जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराचं सगळं मिळून. ऐकायला सोपं वाटतं, पण स्वयंपाकघरात कोण ग्रॅम मोजणार? त्यामुळे उलटा हिशोब करा. चार माणसं, प्रत्येकी ५ ग्रॅम, ३० दिवस: महिन्याला ६०० ग्रॅम. म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. पापड, फरसाण, बिस्किटं, हॉटेल यांतून येणारं मीठही याच ५ ग्रॅममध्ये मोजायचं असतं, त्यामुळे खरं तर दोन महिने.

पिशवी फोडली की पेनाने तिच्यावर तारीख लिहा. संपली की पुन्हा बघा. आमच्या ओट्याखाली आता मिठाच्या पिशवीवर आणि तेलाच्या डब्यावर अशा तारखा असतात. कुणाचं चुकतंय यावरून वाद होत नाहीत, पिशवीच सांगते.

कमी कुठून करायचं? भाजी-आमटीला हात लावायच्या आधी या जागा बघा. भातात मीठ घालणं बंद करा. कणकेतलं मीठ बंद करा, आठवडाभरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि कोथिंबीर. कोशिंबिरीत लिंबू आधी, मीठ वाढताना आणि तेही चिमूटभर. ताटातली मिठाची जागा रिकामी ठेवा. पापड आणि लोणचं रोज नको. पापडखार हासुद्धा सोडियमच आहे.

आमच्या साताऱ्याकडच्यांनी एक लक्षात ठेवावं. वर्षाचा कांदा-लसूण मसाला करताना त्यात मीठ पडलेलंच असतं. भाजीत दोन चमचे मसाला घातला की वरून मीठ सवयीने घालू नका, आधी चव बघा. पुढच्या वेळी मसाला करताना मीठ निम्मं घाला आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवा.

जीभ बदलायला काही आठवडे लागतात. एकदम निम्मं केलं तर घरात बंड होतं. थोडं थोडं कमी करा, आणि आंबटपणा वाढवा: आमसूल, चिंच, लिंबू, कैरी. आंबट असलं की मिठाची उणीव जाणवत नाही.

सैंधव किंवा काळं मीठ महाग आहे, पण त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. ‘सैंधव आहे, चालतं’ म्हणून जास्त घालू नका. कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं, त्यात पोटॅशियम असतं आणि बऱ्याच जणांना ते उपयोगी पडतं. मात्र किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. काही गोळ्यांसोबत रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

५. तेल: कोणतं याच्या आधी किती

‘कोणतं तेल चांगलं?’ हा प्रश्न सगळे विचारतात. आधी डबा मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांना दोन लिटर, हे चांगलं लक्ष्य आहे. म्हणजे माणशी दिवसाला चहाचे सुमारे तीन चमचे, आणि तूप-लोणी त्याच हिशोबात.

तेल पळीने किंवा किटलीतून थेट ओतलं तर अंदाज कधीच बरोबर येत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला ५ मिलिलिटरची खूण असलेलं टोपण असतं. ते धुऊन घ्या आणि तुमच्या तेलाच्या भांड्यातल्या चमच्यात किती टोपणं मावतात ते एकदा बघा. पोह्याच्या चमच्याला आपण ‘एक चमचा’ म्हणतो, तो चहाच्या चमच्यापेक्षा बराच मोठा असतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात आपोआप आवरतो.

आता कोणतं. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन यांपैकी दोन-तीन आलटूनपालटून वापरा. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड) म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी असते, त्यामुळे रोजच्या स्वयंपाकाला नको. कोकणातल्यांनी चवीपुरतं वापरावं. वनस्पती तूप घरात आणूच नका. भारतात २०२२पासून तेला-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) दोन टक्क्यांची मर्यादा आहे, हे चांगलं झालं. तरीही बेकरीतली खारी, नानखटाई, पॅटिस, क्रीमरोल यांत संपृक्त चरबी आणि मीठ भरपूर असतंच.

बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ छापलेलं पाहून जास्त पैसे देऊ नका. कुठल्याच वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतं. तळणीचं उरलेलं काळपट तेल फोडणीला घालत राहू नका. आणि वरणभातावर चमचाभर साजूक तूप चालतं, फक्त ते मोजा.

६. ताट

वेगळा ‘डाएट’ लागत नाही. आपल्याच पदार्थांचं प्रमाण बदलायचं. निम्मं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव भाग उसळ, घट्ट वरण, अंडी, मासे असलं काही, पाव भाग भाकरी, पोळी किंवा भात. आपल्या घरांत हे नेमकं उलट असतं: तीन पोळ्या, वर भात, पातळ वरण आणि वाटीच्या तळाशी भाजी.

ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी तंतुमय म्हणून चांगली, पण मधुमेह असेल तर भाकरीही मोजूनच. मटकी, मूग, चवळी, हुलगे यांची उसळ रोज एकदा हवी. जवसाची चटणी खा. जवसात ओमेगा-३ ही चांगली चरबी असते आणि विदर्भ-मराठवाड्यात ती घराघरात असते, बाकीच्यांनी सुरू करावी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली आठवड्यातून दोनदा खावेत. कालवण करा, रव्यात घोळवून तळलं की फायदा तेलात जातो. मटण महिन्यातून एखाद-दोनदा, आणि वरचा तवंग काढून. फळ चावून खा, रस नको. मूठभर शेंगदाणे खा, खारे नकोत.

साखर मुख्यतः चहातून जाते. चार कप, प्रत्येकी दोन चमचे: दिवसाला आठ चमचे, म्हणजे ३५-४० ग्रॅम, आणि अजून गोड खाल्लेलंच नाही. २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम. दर आठवड्याला प्रत्येक कपातली पाव चमचा कमी करा. गूळ आणि काकवी हे साखरेला पर्याय नाहीत, शरीरात तीही साखरच होते. पाहुण्यांसोबत आलेले कंदी पेढे एकेक घेऊन शेजारी वाटून टाका, फ्रिजमध्ये डबा ठेवला की तो रात्री उघडतोच.

उपवासाबद्दल थोडं सविस्तर. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र धरले तर वर्षात उपवासाचे दिवस बरेच होतात, आणि त्या दिवशी पोटात जातं काय? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, तळलेले साबुदाणेवडे. साबुदाण्यात जवळजवळ नुसता स्टार्च असतो. देवाला यातलं काही लागत नाही. वरीचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, उकडलेलं रताळं, काकडी, ताक, फळं: उपवास मोडत नाही आणि पोटही नीट राहतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर कडक उपवासाआधी डॉक्टरांशी बोला, साखर अचानक खाली जाऊ शकते.

संध्याकाळी पाच ते सात ही सगळ्यात कठीण वेळ. ऑफिसातून आलं की भूक असते आणि समोर फरसाणाचा डबा. तो डबा भरणंच थांबवा. त्याजागी भाजलेले फुटाणे, कुरमुरे-कांदा-टोमॅटो, एखादं फळ ठेवा. घरात नसलेली गोष्ट कुणी खात नाही.

दारू ‘हृदयाला चांगली’ म्हणून कुणी घेत असेल तर तो समज सोडा. कितीही कमी घेतली तरी ती पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये स्पष्ट केलंय.

७. चालणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. वेग असा हवा की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गप्पा मारत रमतगमत फिरणं मनाला चांगलं, हृदयाला त्याने पुरेसा व्यायाम होत नाही. जेवणानंतरची शतपावली जरूर करा, साखरेसाठी ती उत्तम. पण ती या अर्ध्या तासात धरू नका.

नवखे असाल तर पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं सपाट रस्त्याने, मग हळूहळू वाढवा. साताऱ्यात पहाटे बरेच लोक अजिंक्यताऱ्यावर चढतात आणि नवखाही उत्साहात पहिल्याच दिवशी त्यांच्यासोबत निघतो. तसं करू नका. वर्षानुवर्षं बसून काम केलेल्या शरीराला अचानक चढ नको. मधुमेह, बीपी किंवा आधीचा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चालताना, जिना चढताना छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटून येतं आणि थांबलं की बरं वाटतं? हे गॅसचं नाही. त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. थोड्याशा हालचालीने किंवा बसल्या जागीही होत असेल तर आजच.

आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काही करा: सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, पाण्याच्या बाटल्या उचलणं. घरकाम करणाऱ्या बायका म्हणतात, ‘दिवसभर राबतेच की.’ राबणं खरं आहे आणि दमणंही खरं आहे. पण ओट्याशी उभं राहून धाप लागत नाही, त्यामुळे स्वतःसाठीचा तो अर्धा तास वेगळा लागतोच, आणि तो मिळावा म्हणून घरातल्यांनी सकाळचा एक डबा स्वतः करावा. चालून झाल्यावर टपरीवर वडापाव आणि गोड चहा घेणारे गट असतात. कंपनी ठेवा, वडा सोडा.

८. झोप आणि ताण

रात्री सात तास तरी झोप हवी. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असं तिन्ही असेल तर ते डॉक्टरांना सांगा. झोपेतल्या त्या विकाराने बीपी वाढतं आणि उपचार झाले की बीपीही आवरतं. ही माहिती सहसा बायकोकडूनच मिळते, म्हणून तपासणीला दोघांनी जा.

ताणावर उपाय प्रत्येकाचा वेगळा. पण कर्ज, आजारपण, भांडण यांनी महिनोन्महिने मन उदास असेल तर त्यासाठीही डॉक्टरकडे जायचं असतं, नुसतं ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून ते जात नाही.

९. गोळ्या आणि नुस्खे

तीन महिने नीट पाळून पुन्हा तपासण्या करा. आकडे खाली आले नाहीत आणि डॉक्टरांनी गोळी सांगितली तर घ्या. हा तुमचा पराभव नाही. काहींचं लिव्हरच कोलेस्टेरॉल जास्त तयार करतं, त्यांना पथ्य पुरत नाही. बीपी ‘नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ते नॉर्मल आलंय गोळीमुळेच. कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखलं तर परस्पर थांबवू नका, डॉक्टर डोस किंवा गोळी बदलून देतात. खर्च परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात.

लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगर उकळून ‘ब्लॉकेज उघडणारा काढा’ करायची कृती व्हॉट्सअॅपवर फिरत असते. कुठल्याही काढ्याने रक्तवाहिनीतला अडथळा विरघळत नाही. असे काढे पिण्यापेक्षा, त्यांच्या भरवशावर गोळ्या थांबवण्याने जीव जातात. निरोगी माणसाने ‘रक्त पातळ राहावं’ म्हणून रोज अॅस्पिरिन घेणंही चूक आहे, पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

१०. तरीही झटका आला तर

ही तयारी आजच करा. तुमच्या घरापासून जवळचं, चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं हॉस्पिटल कोणतं आणि तिथे जायला किती वेळ लागतो, हे आत्ता शोधा. गाव लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात देतात ते विचारून ठेवा. फाइल, आधार कार्ड, विम्याचं किंवा योजनेचं कार्ड आणि औषधांची यादी एका पिशवीत घालून दाराजवळच्या कपाटात ठेवा, घरातल्या मुलांनाही ती जागा माहीत हवी.

छातीत दाब, घाम, धाप, मळमळ, हात किंवा जबडा दुखणं: पंधरा-वीस मिनिटांत आपोआप थांबेल म्हणून वाट बघू नका. सोडा, इनो, ओवा देत बसू नका. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, धाप किंवा ‘अॅसिडिटी’सारखी जळजळ एवढंच असू शकतं. १०८ला फोन करा. रुग्णाला जिना चढायला-उतरायला लावू नका, त्याने स्वतः गाडी चालवत जाऊ नये. अॅस्पिरिन द्यायचं का ते फोनवर किंवा डॉक्टरांना विचारा; अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ते चावून खायला सांगतात. जिभेखालची गोळी दुसऱ्याची उचलून देऊ नका, बीपी एकदम पडू शकतं. जोरजोरात खोकून झटका थांबतो हा निरोप खोटा आहे.

दवाखान्यात गेल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा, तो आग्रहाने मागा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच असेल तर घरी येऊ नका, थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) रक्ततपासणी करायला सांगा.

माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत. हात थकले की दुसऱ्याला द्या. यालाच सीपीआर म्हणतात. हे वाचून येत नाही, हातानेच शिकावं लागतं. जवळच्या हॉस्पिटलमध्ये सीपीआरचं प्रशिक्षण असेल तेव्हा सोसायटीतल्या, वाड्यातल्या चार जणांना घेऊन जा.